पार्बताबाईचं गाणं

अंगणात मोहफुलं वाळत घातली की तो गोडसर, जड वास घरभर शिरतो आणि मला ह्यांची वही काढावीशी वाटते. हे शाळेत मास्तर. सुट्टी मिळाली की झाडीतल्या गावोगावी गाणी गोळा करत हिंडायचे. परक्या पुरुषासमोर बाया मोकळ्या होत नसत, म्हणून मलाही न्यायचे. बाया माझ्याजवळ बसून गायच्या, हे ओसरीवर बसून लिहायचे.

वहीतल्या एका पानावर ‘मयताचं गाणं, पार्बताबाई’ एवढंच लिहिलंय. खाली सगळं कोरं. त्या दिवशी तिच्याही अंगणात मोहफुलं वाळत होती. भाताच्या रोवणीची, लग्नाची गाणी तिनं भरभरून दिली. हे गाणं मागितलं तशी तिनं तोंडाला पदर लावला.

"कोनी मेल्याबिगर हे म्हनत नाई, गुरुजी. काऊन मांगता?"

हे हसले. म्हणाले, "बरं, जागा सोडून ठेवतो."

परतताना मी वाटभर चिडचिड केली. एवढी पायपीट, आणि हाती काय, तर कोरं पान!

पुढच्या वर्षी मोह पडायच्या दिवसांतच हे गेले. पार्बताबाई चालत आली. माझ्या गळ्यात पडून तिनं ते गाणं म्हटलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मी रडत होते, ऐकत होते. आज त्यातला एक शब्द आठवत नाही.

गाणं संपल्यावर तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. कोनाड्यातल्या वहीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "लिवलं का, बाई?"