लाठीच्या नावावर दोन दाढा

माझ्या उजव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा नाहीत. एक कधीतरी काढावीच लागली असती. दुसरी चांगली धडधाकट होती, ती मी माझ्या मूर्खपणापायी घालवली.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. वडील गिरणीत साच्यावर कापड विणायचे, मी मॅट्रिक होऊन फोर्टातल्या एका कचेरीत कारकून. वडिलांना माझ्या शाईच्या बोटांची लाज वाटायची. ते स्वतः प्रत्येक मोर्च्यात पुढे. चारचौघांत मला "आमचा कारकुंड्या" म्हणायचे आणि वर हसायचे. त्या हसण्याचा मला अजून राग आहे.

एका मोर्च्याला मीही गेलो. पोलिसांनी लाठ्या उगारल्या मात्र, मी बाजूच्या गल्लीत शिरलो आणि एका दुकानाच्या फळीखाली बसून राहिलो. मला कुणी बोटसुद्धा लावलं नाही. उजवी दाढ मात्र दोन दिवसांपासून ठणकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर गाल टम्म सुजलेला आणि तोंड उघडेना.

वडिलांनी हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडे वळवला. "लाठी बसली काय रे?"

तोंड उघडत नव्हतं हे खरं. पण मान हलवता येत होती, आणि ती मी हलवली.

मग काय विचारता! मुका मार म्हणून आईने आंबेहळद उगाळून लेप लावला, विटेचा शेक दिला. शेजारणी शिरा घेऊन आल्या. चाळीच्या सभेत मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. वडिलांनी गिरणीतल्या त्यांच्या खात्यातली माणसं घरी आणून त्यांना माझा गाल दाखवला. कारकुंड्या हा शब्द त्या दिवसापासून बंद झाला, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

सूज पाच-सहा दिवसांत उतरली, पण महिना-दोन महिन्यांनी परत यायची. "हाड दुखावलंय, वेळ लागायचा," असं वडील लोकांना सांगायचे. हे दाढेचं दुखणं आहे हे मला कळत होतं. पण दातांच्या डॉक्टरकडे गेलो असतो तर सगळं उघडं पडलं असतं. म्हणून दाढेखाली लवंग धरून वर्ष काढलं. पुढे पुढे गार पाण्याने डोक्यात कळ जायची, आणि ती आता अलीकडच्या, चांगल्या दाढेतून यायची.

शेवटी वडीलच मला दादरला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी दाढेचा एक्स-रे फोटो काढला आणि खिडकीशी धरून बघितला.

"अक्कलदाढ आडवी आलीय. वर यायला जागा नाही, म्हणून शेजारच्या दाढेत घुसतेय. दोघींच्या फटीत अन्न अडकून शेजारची पार कुजली, मुळापर्यंत. आता दोन्ही काढायच्या. वर्षापूर्वी आणलं असतंत तर एकीवर भागलं असतं."

"पण डॉक्टर, हे लाठीच्या मारानं झालं ना?" वडिलांनी विचारलं.

"छे हो, मार कसला? ही आत आडवीच वाढत होती."

वडील माझ्याकडे बघत राहिले. मी जमिनीकडे बघितलं. दाढा काढून झाल्यावर दादरहून आम्ही चालत आलो, ते चार पावलं पुढे, मी तोंडात कापसाचा बोळा धरून मागे.

चाळीच्या दाराशी शेजारच्या काकांनी विचारलं, "काय म्हणाला डॉक्टर?"

आता होऊन जाऊ दे एकदाचं, असं मला वाटलं. वडील म्हणाले, "लाठीचाच मार. दोन दाढा गेल्या पोराच्या."

वडिलांना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं. ते मला वाचवण्यासाठी बोलले, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. तसं नव्हतं. ज्यांना त्यांनी माझा गाल दाखवला होता, ती माणसं रोज त्यांच्या शेजारच्या साच्यांवर उभी असायची. घरात शिरल्यावर त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि आईला म्हणाले, "ह्याला पेज दे." त्यानंतर मला जे काही सांगायचं ते आईकडूनच.

राज्य मिळालं त्या दिवशी वडिलांनी अख्ख्या चाळीला स्वतःच्या हाताने पेढे वाटले. माझा पेढा त्यांनी आईजवळ दिला.