कुंपणावरून आलेलं वाळकं पान

तेव्हा मी अवघी सत्तर वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायची होती. करोनामुळे ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळच्या पॉइंट कुकला लेकाकडे अडकले होते, आणि नात दिवसभर कुंपणापाशी, पलीकडच्या म्हातारीशी गप्पा मारत बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. जळायला नाव कशाला लागतं?

ती पेगन, म्हणजे निसर्गाला पुजणारी. मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे झाले की तिकडे पानगळ सुरू. त्या दिवशी तिने अंगणातल्या टेबलावर भोपळा, सफरचंदं, एक पांढरी आणि एक काळी मेणबत्ती मांडली. एकेक सफरचंद फडक्याने सावकाश पुसत होती, बाळाचं तोंड पुसावं तसं.

"आजी, शी इज सो कूल!" नात म्हणाली. मी जन्मभर गौरी सजवल्या, मला कुणी कूल म्हटलं नाही.

म्हातारीने कुंपणावरून मला एक वाळकं पान दिलं. म्हणाली, "आज सुगीचे आभार मानायचे आणि मनातलं नको ते पानावर लिहून मातीत पुरायचं."

मी मराठीत ठसठशीत लिहिलं, 'ही बाई'. आणि कुंडीत पुरलं.

"तू काय लिहिलंस?" मी विचारलं.

"जेलसी," ती म्हणाली. "जेवायला हाक मारलीस की तुझी नात धावत घरात जाते. माझी पर्थला, देशाच्या दुसऱ्या टोकाला. करोनामुळे राज्याच्या सीमा बंद, वर्ष झालं तिला बघून."

मी गुपचूप माझं पान उकरून काढलं. त्या दिवशी जेवायची हाकही उशिरा मारली.

फार नाही, दहाच मिनिटं.