आठशे वर्षांच्या बैलाला आवतण

समस्त पंचक्रोशीला कळविण्यात येते की, गेल्या वर्षी पोळ्याच्या दोन दिवस आधी पांढरकवड्यातल्या आमच्या घरी आठशे वर्षे वयाचा एक बैल कुरिअरने आला. त्याने कडबा मागितला नाही, कोणाला शिंग मारलं नाही. खोक्यात, कागदाच्या चिंध्यांवर गुमान बसून आला.

त्याला आणण्याचं कारण माझे बाबा. त्यांनी उन्हाळ्यात शेवटची बैलजोडी विकली होती. गुडघे साथ देईनात, आणि शेत ट्रॅक्टरच्या हवाली झालं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच पोळ्याला त्यांच्या दारात बैल नसणार होता, आणि ते त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते. तेच जास्त लागत होतं. तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात तो लाकडी नंदी त्यांच्यापुढे ठेवला तर लेकराची समजूत काढल्यासारखं झालं असतं. म्हणून मी मोबाइलवर थेट यादवकाळातला पितळी बैल शोधून काढला.

आता मी काही लेचापेचा गिऱ्हाईक नव्हे. चहाच्या टपरीवर या विषयावर माझी प्रवचनं होत. विक्रेत्याकडे वस्तूच्या तळाचा फोटो मागा, वजन विचारा, आधी ती कोणाच्या घरी होती ते विचारा, जुन्या वस्तू विकायचा परवाना बघा. मी सगळं मागितलं. तळाचा फोटो आलाच नाही. परवान्याऐवजी प्रमाणपत्र आलं, तेही लॅमिनेट केलेलं. त्यावरचा सोनेरी शिक्का असा काही झळकत होता की पुढचं विचारायचं मी विसरूनच गेलो.

बैल मात्र देखणा होता. डौलदार वशिंड, अंगभर हिरवट झाक.

"बाबा, याला पुसायचं नाही," मी बजावलं. "हा हिरवा रंग म्हणजेच याचं वय."

"बरं," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खांदशेकणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून त्याला जेवणाचं आमंत्रण देतात. मी अंगणात आलो तर बाबा पाटावर बसलेले, समोर माझा यादवकालीन ठेवा, वाटीत कोमट तूप आणि हातात पळसाचं पान.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं पुटपुटत ते त्याचा खांदा चोळत होते. मी ओरडणारच होतो, पण उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुललेला दिसला आणि मी पायरीवरच बसलो.

पान बाजूला झालं. बाबांनी धोतराच्या सोग्याने खांदा पुसला. सोगा हिरवा झाला आणि खांदा काल दुकानातून आणलेल्या पितळी लोट्यासारखा लख्ख पिवळा!

बाबांनी बैल उचलून डोळ्यांजवळ नेला. सवयीने दात बघायला त्याचं तोंडही चाचपलं. मग खांदे हलवत हसायला लागले.

"काय बे, बजारात म्हताऱ्या बैलाची शिंगं तासून त्याले जवान करतेत. ह्या इकणाऱ्यानं त जवानालेच म्हतारा केला!"

माझा तिळपापड झाला. "फोटो काढतो आणि आजच परत पाठवतो," म्हणत मी मोबाइल बाहेर काढला.

बाबांचं हसू थांबलं. हात बैलाच्या पाठीवर तसाच राहिला. "आवतन देल्लं ना मी त्याले. जेवाले बलावलं अन् आता हाकलू कसा?"

"अहो बाबा, नकली आहे तो! आठशे वर्षं सोडा, आठ महिन्यांचाही नसेल."

इतका वेळ ओसरीवर पुरणाची डाळ निवडत बसलेली आई तिथूनच कडाडली, "राहू दे ना बाप्पा, जवान हाये त! म्हतारा बैल घरात एक हाये, तेवढा पुरे झाला मले!"