मुकुटाखालचा रंग

मेहरूणच्या रस्त्यावरचा तो मोटार-मिस्त्री कामाला लागण्याआधी गाडीवर तळहात ठेवून जरा थांबायचा, बुजऱ्या बैलाला शांत करावं तसा. बोलणं बेताचंच. काहीही विचारलं तरी, "बठ्ठं निंघस, भाऊ. घाई नको," एवढंच; सगळं निघतं, हा त्याचा भरवसा.

मी जिनिंग फॅक्टरीच्या मालकांची हिरवी मोटार चालवायचो. बेचाळीसच्या जरा आधी इंग्रज सरकारने रावसाहेब केलं तेव्हा मालकांनी हौसेने तिच्या बॉनेटवर लाखेने पितळी मुकुट बसवून घेतला होता. बेचाळीसला लोक खवळले, तसा तो काढायला मला मिस्त्रीकडे पिटाळलं. त्याने गरम पाण्याच्या फडक्याने लाख मऊ केली आणि घोड्याच्या शेपटीचा केस मुकुटाखालून करवतीसारखा ओढत तो सोडवला. रंगाला ओरखडासुद्धा नाही.

पुढे मालकांच्या साक्षीवरून मिस्त्रीचा चळवळीतला धाकटा भाऊ तुरुंगात गेला आणि तिथेच वारला. सगळं निवल्यावर मालकांनी मुकुट परत लावायला मिस्त्रीकडेच पाठवला. त्याने तोही निगुतीने लावला. मी चोरून बोट फिरवून पाहिलं. एखादा ओरखडा सापडला असता तर मला बरं वाटलं असतं.

स्वातंत्र्य आलं त्याच आठवड्यात मालकांनी मुकुट पुन्हा काढायला लावला. तो निघाला, पण उन्हाने विटलेल्या बॉनेटवर त्याच्या आकाराचा गर्द हिरवा ठसा उरला.

"मिस्त्री, एवढा डाग काढा. मालक चिडतील," मी म्हणालो.

त्याने घोड्याचा केस गुंडाळून खिशात ठेवला.

"डाग नही तो, भाऊ. गाडीना खरा रंग तोच शे."