ड्रेसरमामांची धास्ती

आमचे ड्रेसरमामा जनावरापुढे टाकायची प्रत्येक गोष्ट आधी स्वतः चाखून बघत. पेंडीचा खडा दाढेखाली धरायचा, डोळे मिटायचे आणि मग सांगायचं, "करडई हाय. पर जुनी. वास धरलाय." सरकी, जवस, शेंगदाणा, कुठली पेंड कशाची आणि किती दिवसांची, ते न बघता ओळखत. हे करताना त्यांचा चेहरा मात्र बघवत नसे. हात थरथरत, कपाळावर घाम येई. जन्मभर हेच काम केलेला माणूस रोज पहिल्यांदाच विस्तवावर पाय ठेवत असल्यासारखा दिसे.

सरकारी कागदावर त्यांचं पद 'व्रणोपचारक' होतं. तो शब्द कुणाच्या तोंडी बसत नसे. जनावरांच्या दवाखान्यात जखमा बांधणारे ते ड्रेसर, आणि वयाने मोठे म्हणून मामा. मूळचे देगलूरकडचे. घरात कानडी, बाजारात तेलुगू आणि कचेरीत आमची मराठी. घाबरले की मात्र त्यांच्या तोंडून कानडीच निघे.

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून त्यांच्या हाताखाली आले असं म्हणायला हवं, पण कागदोपत्री ते माझ्या हाताखाली होते. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. दवाखान्याच्या पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव चुन्याने पुसलं होतं, नवं अजून लिहायचं होतं. पावसाने सलग दगा दिला होता आणि उदगीर-देगलूर रस्त्यावरच्या एका आटलेल्या तलावाशेजारी जनावरांची छावणी उघडली होती. माझी पहिली नेमणूक तिथेच झाली. माझे वडील मुदखेडला रेल्वेत गँगमन होते. आमच्या बौद्धवाड्यातली सरकारी नोकरीला लागलेली मी पहिली मुलगी. छावणीत तर बाई कर्मचारी कुणी पाहिलीच नव्हती. लोक प्रश्न मामांना विचारत आणि उत्तर देताना मामा माझ्याकडे बघत. "ताईस्नी इचारा. सायब त्या हायेत." पहिल्याच दिवशी दुपारी त्यांनी माझ्या डब्यातली अर्धी भाकरी मागून घेतली आणि आपल्या डब्यातली भाजी माझ्याकडे सरकवली. छावणीतले चार लोक बघत राहिले. कुणाचं खावं-प्यावं याची भीती या भित्र्या माणसाला कधीच वाटली नाही.

मी वर्गात वैरणीचे प्रकार पाठ केले होते. सुकी वैरण, हिरवी वैरण, खुराक. कशात प्रथिनं किती, कशात चुना किती. मामांची विभागणी वेगळी होती. "पोट भरणारं, अंगाला लागणारं आन् भ्या वाटणारं," ते म्हणत. कडबा आणि गव्हाचं काड पोट भरतं. हरभऱ्या-तुरीचं भूस थोडं अंगालाही लागतं. पेंड आणि भरडा खरा अंगाला लागतो, पण बेतानं. उसाच्या शेंड्याकडच्या वाढ्यांवर जनावर जगतं, पण नुसत्या वाढ्यांनी हाडं पोकळ होतात, म्हणून त्याबरोबर चुन्याची निवळी आणि मीठ द्यायचं. आणि भ्या वाटणाऱ्यांत? "सगळंच की ताई. बुरशी आली तर कडबा बी त्यातच."

मला याचं हसू येई. एकदा त्यांच्या खाकी पिशवीत पांढऱ्या खड्यांची पुडकी दिसली. फोटो धुवायला वापरतात तो हायपो. उदगीरच्या एका फोटोवाल्याकडून ते आणून ठेवत. "दवाखान्यात आहे की थोडा," मी म्हटलं. "थोडा हाय म्हनूनच," ते म्हणाले.

त्या दिवशी सकाळी चार बैलगाड्या आल्या. शेजारच्या गावात एक चुकार सर पडून गेली होती. त्या ओलीवर ज्वारीच्या कापलेल्या बुडख्यांना फुटवे आले होते, ते गुडघाभर वाढून पुन्हा सुकायला लागले होते. गावाने ते कापून छावणीला पाठवले. कित्येक महिन्यांत हिरवा रंग न बघितलेली जनावरं दावणीला हिसके देऊन हंबरायला लागली. माणसंही गाड्यांभोवती धावली. मारोतीआप्पा नावाचे एक शेतकरी छावणीतल्या लोकांचे पुढारी होते. त्यांनी तर चाकाला हात जोडले.

मामा गाडीजवळ गेले, एक फुटवा मोडला आणि चाखायला तोंडापर्यंत नेलेला हात त्यांनी खाली घेतला.

"बेडा," ते पुटपुटले. मग पुन्हा, "बेडा ताई, बेडा."

बेडा म्हणजे नको, एवढं कानडी मला येत होतं. पण का नको, असं मी विचारलं तरी ते त्यांना सांगता येईना. ओठ नुसते हलत होते. माझ्याभोवती शंभरेक माणसं उभी होती. मारोतीआप्पा म्हणाले, "बाई, ह्यो मानूस कडब्याला बी भितो. तुमी शिकलेल्या हाव. तुमी सांगा." आणि मी शिकलेली होते. हिरव्या चाऱ्याने रातांधळेपणा जातो, दूध वाढतं, असं मी पाठ केलं होतं. कोवळ्या ज्वारीतल्या विषावरही अर्धं पान होतं. परीक्षेत आलं नाही म्हणून ते डोक्यातून गेलं होतं.

"सोडा गाड्या," मी म्हटलं.

पहिली गाडी निम्मी रिकामी होईपर्यंत काहीच झालं नाही. मग मारोतीआप्पांचा पांढरा बैल उभ्या जागी लटपटला. त्याने मान लांब केली, तोंडाला फेस आला आणि भात्यासारखा श्वास घेत तो गुडघ्यांवर बसला. त्याच्या पलीकडे एक म्हैस आडवी झाली. मग एक गाय. कुणीतरी ओरडलं, "किराळ! किराळ लागली!" आणि कोवळ्या ज्वारीच्या विषबाधेचं ते गावठी नाव ऐकताच मला ते अर्धं पान शब्द न् शब्द आठवलं. माझे पाय जमिनीत रुतल्यासारखे झाले.

मला हलवलं ते मामांनी. ज्यांना एक वाक्य बोलता येत नव्हतं, ते आता ओरडत होते. "चारा वढा! तोंडातला बी काडा! ताई, सुई भरा, सुई!" दवाखान्याच्या पेटीतलं औषध तीन जनावरांना पुरलं. मी एकेकाच्या शिरेत सुई देत गेले. पडली होती सहा. मामांनी पिशवीतली हायपोची सगळी पुडकी पाण्याच्या बादलीत ओतली, हाताने ढवळली आणि त्या विषावरचा तो उतारा बांबूच्या नळकांड्याने एकेकाला पाजत सुटले. त्यांचे हात नेहमीसारखे थरथरत होते, पण त्या थरथरत्या हातांतून एक थेंब बाहेर सांडला नाही.

पाच जनावरं उठली. मारोतीआप्पांचा बैल गेला. त्याची जीभ बाहेर आली होती आणि डोळ्यांच्या कडा लालभडक दिसत होत्या. आप्पा त्याच्या शिंगाला धरून बसले.

तिसऱ्या दिवशी उदगीरहून मोठे डॉक्टर चौकशीला आले. मी सकाळपासून पाणीसुद्धा प्यायले नव्हते. नोकरी जाणार याची भीती होतीच. त्याहून मोठी भीती होती ती मागून ऐकू येणाऱ्या वाक्याची, की अशा लोकांच्या मुलींना खुर्ची दिली की हेच होतं. डॉक्टरांनी आधी मामांना विचारलं.

"ताईनी इचारलं व्हतं सायेब," मामा जमिनीकडे बघत म्हणाले. "मला ठाव व्हतं. गेल्या मोठ्या दुष्काळात माज्या भावाची जोडी आशीच गेली, माज्याच हातनं. तवापास्नं ती हिरवी ज्वारी बघितली की माजी जीभच आत जाती. मला सांगता आलं न्हाई."

"त्यांनी सांगितलं होतं," मी म्हणाले. "दोनदा सांगितलं. मी ऐकलं नाही."

डॉक्टर बराच वेळ लिहीत राहिले. मला लेखी ताकीद मिळाली आणि नोकरी राहिली. मामांच्या होकाराशिवाय छावणीत काडीही उतरवायची नाही, असा तोंडी हुकूमही झाला.

उरलेल्या तीन गाड्यांचा चारा तसाच पडून होता आणि कडबा संपत आला होता. मामांनी तो चारा माळावर पातळ पसरवला. रोज उलटापालटा करून उन्हात पार कडकडीत वाळवला. वाळला की त्यातलं विष उडून जातं, हे आता मलाही ठाऊक होतं. पण छावणीतलं कुणीच आपलं जनावर पुढे करेना. मीही कुणाला सांगू धजले नाही.

चारा वाळला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आपली गाय घेऊन आले. दुभती, लाल रंगाची, घरातली एकच. सगळ्यांसमोर त्यांनी तिच्यापुढे त्या वैरणीची पेंढी सोडली आणि तिच्या बरगड्यांवर तळहात ठेवून शेजारी बसले. मी समोर बसले. हायपोची बादली भरून तयार होती. गाय खात होती आणि मामा तिचे श्वास मोजत होते. ऊन डोक्यावर आलं. गाईने खाणं संपवलं, बसली आणि निवांत रवंथ करायला लागली. तेव्हा गर्दीतून मारोतीआप्पा पुढे आले, उरलेल्या बैलासाठी त्यांनी एक पेंढी उचलली आणि दुसरी पेंढी स्वतःच्या हाताने मामांच्या गाईपुढे टाकली.

पुढे माझी बदली नांदेड जिल्ह्यात झाली. मामा निवृत्त होऊन देगलूरला गेले. मी नोकरीत वर चढत गेले, पण कुठल्याही वैरणीला होकार देताना माझे हात गार पडायचे ते पडतच राहिले, आणि मी ते कधी लपवले नाहीत. हाताखालचा एखादा माणूस अडखळला की मी काम थांबवून त्याचं बोलणं पूर्ण होऊ देत असे.

मामा गेल्याचं मला आठ दिवसांनी कळलं. देगलूरला त्यांच्या घरी गेले तेव्हा मामी दारातच बसल्या होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. बोलता बोलता मी म्हटलं, "फार धास्तीत आयुष्य काढलं हो मामांनी."

"धास्ती? ह्यांनी?" मामी म्हणाल्या. "घरात तर हसवून हसवून बेजार करायचे. समद्यांच्या नकला करायचे. मोठ्या डाक्टरची, आप्पाची. तुमची बी करायचे की."

"माझी?"

मामी उठल्या. पदर खोचला, काखेत नसलेली पेटी धरली, हनुवटी वर केली आणि अंगणात चार पावलं भराभर चालून दाखवलं. हुबेहूब मी होते. बावीस वर्षांची, नव्या चपला घातलेली, सगळं येत असलेली. इतकी वर्षं मामांबरोबर काम करून मी त्यांना एकदाही हसताना बघितलं नव्हतं. त्या सुतकाच्या घरात मला हसू आवरेना. मामीही हसायला लागल्या, आणि मग आम्ही दोघी एकमेकींना धरून रडलो.