रेणूच्या नावाचा गिलास

फोन आला तेव्हा मी डाळ निवडत होते. मुखेडहून धाकट्या बहिणीचा, सुमनचा. “अक्का, रेणू गेली...” एवढंच बोलली. मी “बरं” म्हणाले. बरं! पोटच्या पोरीसारखी भाची गेली आणि तोंडातून निघालं काय, तर बरं. फोन ठेवला आणि राहिलेली डाळ निवडून संपवली. आता महिना उलटला, तरी रडू म्हणून आलेलं नाही.

रेणूला जन्मापासून थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला मायलेकी एसटीनं लातूरला यायच्या, मुक्काम आमच्याकडे. नऊ वर्षांची असताना तपासणीत निघालं, हिपॅटायटिस सी, लिव्हरचा विषाणू. कधीतरी चढवलेल्या रक्तातूनच आला असावा, असं डॉक्टर म्हणाले. हेही म्हणाले, “एकत्र जेवल्यानं, एका भांड्यातून पाणी प्यायल्यानं हा पसरत नाही. पोरीला वेगळं पाडू नका.” मी समोरच बसले होते, मान डोलावली. आणि घरी येताना भांड्याच्या दुकानातून स्टीलचा एक गिलास घेतला, त्यावर नाव घालून घेतलं... कु. रेणुका. माझी दोन पोरं होती ना घरात. भीती वाटली, दुसरं काय!

तिला सांगितलं, तुला बक्षीस. पोर हरखली. “माझ्या एकटीचा हाय?” अक्षरांवरून बोट फिरवत शेजारीपाजारी सगळ्यांना दाखवून आली. तो गिलास मी खिडकीत ठेवायची, बाकीच्यांपासून लांब. माझ्या पोरांनी हात लावला की ओरडायची, “तो नको!” सुमनला सगळं कळत होतं. पण ती बिचारी कधी बोलली नाही. लातुरात तिला दुसरं घर कुठं होतं?

बाराव्या वर्षी गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांचा कोर्स. नंतरच्या तपासणीत विषाणू सापडला नाही. रेणू कागद नाचवत आली, “मावशी, गेला बघ!” त्या दिवशी तरी तिला रॅकमधल्या गिलासात पाणी द्यायचं. नाही दिलं. लक्षातच आलं नाही, असं मी सांगते... खोटं आहे. आलं होतं.

एवढ्या वर्षांच्या रक्तातलं लोह तिच्या हृदयात साठत गेलं होतं. त्यानंच ती गेली, पंधराव्या वर्षी. शेवटची आली तेव्हा चार पायऱ्या चढून दम लागला होता. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि हात सरळ खिडकीकडे. मी म्हणाले, “अगं, घे की कोणताही.” ती हसली. “राहू दे मावशी. आता सवय झाली.” जरा रागावली असती तरी चाललं असतं गं...

परवा पाहुणे आले. गिलास कमी पडले म्हणून ह्यांनी खिडकीतला उचलला. “तो नको!” मी ओरडले. इतकी वर्षं ओरडायची, अगदी त्याच सुरात. ह्यांनी तो होता तिथं ठेवला. पाहुणे गेल्यावर मी त्यात पाणी ओतलं आणि पहिल्यांदाच त्या गिलासानं प्यायले. पाण्यासारखंच पाणी होतं.