पंधरा दिवसांत एक तांदूळ

दर पंधरवड्याला न्हावी मागच्या दारी येण्यापूर्वी गोदाक्का लाल आलवणाच्या पदराखाली हात नेऊन डोक्यावरून तळवा फिरवीत आणि स्वतःशीच म्हणत, "आला गं बाई, तांदूळ आला." बाराव्या वर्षी विधवा झालेल्या आमच्या या शेजारणीने केसांच्या वाढीला आपले माप लावले होते : पंधरा दिवसांत तांदळाचा एक दाणा, महिन्याला अर्धे पेर.

चौदाव्या वर्षी विषमज्वराने माझे केस मुठीमुठीने गळाले. बार्शीची मंडळी महिन्याभरात मला पाहायला येणार होती. आईने वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून व्ही.पी.ने तेल मागवले. बाटलीवर गुडघ्यापर्यंत केस सोडलेली बाई. खाली वचन, पंधरा दिवसांत गुण. बूच काढताच केवड्याच्या गोडव्यामागून रॉकेलसारखा उग्र दर्प आला.

गोदाक्कांनी बाटली उन्हात धरून पाहिली. "पंधरा दिवसांत? अहो, चाळीस वर्षं स्वतःच्या डोक्यावर मोजतेय की मी. तांदळापुढं जात नाहीत. तापातनं उठलेली पोर, तिला चार घास घाला. केस येतील. डोकं जाळू नका तिचं."

"अक्का, केसांतलं तुम्ही सांगू नये," आई म्हणाली. "शुभकार्याच्या तोंडावर तर नकोच."

"खरंय. माझ्याकडं केस कुठायत!" म्हणत त्या हसल्या आणि पायरी उतरल्या.

आठव्या दिवशी टाळूवर फोड आले. उरल्यासुरल्या केसांतलेही बरेचसे उशीवर उतरले. पाहायला आलेल्या बार्शीच्या बाईंनी गंगावन लावलेली माझी वेणी जरा ओढली, तो ती त्यांच्या हातातच राहिली. पोह्यांना हात न लावता मंडळी उठली.

संध्याकाळी गोदाक्का वाटीत खोबरेल घेऊन आल्या. फोडांवर हलके बोट फिरवीत म्हणाल्या, "थांब थोडी. केसांना कुणी बोलवावं लागत नाही गं. माझे बघ, नको म्हटलं तरी येतात."

वर्षाने माझे केस मानेवर रुळू लागले. तोवर गोदाक्कांनी अंथरूण धरले होते. न्हावी बरेच दिवस फिरकला नव्हता. एका सकाळी, गिरणीचा भोंगा विरत असता, त्यांचा पदर सरकला. शेवरीच्या कापसासारखे पांढरे, मऊ केस मी प्रथमच पाहिले.

"किती झाले?"

मी बोट लावून पाहिले. "एक पेर."

"म्हणजे दोन महिने," त्या म्हणाल्या, आणि पदर तसाच राहू दिला.

तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. पुतण्याने बांबू आणायला माणूस धाडला. त्याआधी अक्कांच्या पेरभर केसांसाठी न्हाव्याला बोलावणे गेले. वस्तऱ्यासाठी कोमट पाणी माझ्या आईने नेऊन दिले.